मोपेडवाल्या माणसाचं पान: इतिहासाच्या पुस्तकातली एक केस

आधी फोटो सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. एक सडसडीत माणूस, डोक्यावर हॅट, अंगात प्रवासातलं जाकीट, बसलाय एका कोऱ्या करकरीत मोपेडवर, सोबत कार्नेशनच्या फुलांचा गुच्छ, भोवती गर्दी. हसतोय का? मी बराच वेळ बघितलं, मला तरी ठरवता आलं नाही. 10 सप्टेंबर 1964, कोलोन शहरातलं डॉइट्झ स्टेशन. माणसाचं नाव आर्मांदो रॉड्रिगेस द सा, पोर्तुगालमधल्या एका खेड्यातला सुतार, वय 38, आणि पश्चिम जर्मनीत आलेला दहा लाखावा 'गास्टआर्बायटर'. गास्ट म्हणजे पाहुणा, आर्बायटर म्हणजे कामगार. कारखानदारांच्या संघटनेने त्याचं स्वागत केलं, मोपेड बक्षीस दिली, फोटो काढले, आणि तेव्हापासून हा फोटो जर्मनीतल्या शाळेच्या पुस्तकांत इतक्या वेळा छापला गेलाय की इथे शिकलेल्या माणसाला 'तो मोपेडवाला' म्हटलं तरी पुरतं.

आमच्या घरी ही केस सुरू झाली ती होमवर्कपासून. मुलगी इथल्या जर्मन शाळेत दहावीत होती, इतिहासाच्या पुस्तकात फोटोखाली प्रश्न होता: चित्राचं वर्णन कर आणि या माणसाला त्या क्षणी काय वाटत असेल ते लिही. वर्गात जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं, आनंद झाला असेल, अभिमान वाटला असेल, जर्मनीबद्दल कृतज्ञता वाटली असेल. आमच्या कन्येला गप्प बसवत नाही, तिने नाव टाकून शोधलं, आणि तिला सापडलं की स्पीकरवरून नाव पुकारलं तेव्हा तो माणूस घाबरला होता. दोन स्पेशल गाड्यांतून अकराशेच्या वर माणसं उतरलेली, त्यातून यादीवर बोट ठेवून याचं नाव निघालेलं, आणि याला वाटलं की कागदपत्रात काहीतरी घोळ झालाय, आता आपल्याला परत पाठवणार. तिने तेच लिहिलं. 'त्याला भीती वाटली.' वही परत आली तेव्हा लाल पेनने शेरा होता: हे चित्रात दिसत नाही, पानावरच्या माहितीच्या आधारे लिही.

आता बघा, बाईंचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रश्न चित्रावर होता. पण मग मी ते पान हातात घेतलं आणि दोनदा वाचलं, आणि मला कळलं की गडबड शेऱ्यात नाहीये, पानावर जी माहिती आहे तिच्यातच आहे.

समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर 'आर्थिक चमत्कार' या प्रकरणातला तुकडा, कारखाने जोरात, माणसं कमी पडली म्हणून परदेशातून कामगार 'बोलावले गेले'. बाजूला करारांची यादी: इटली 1955, स्पेन आणि ग्रीस 1960, तुर्की 1961, मोरोक्को 1963, पोर्तुगाल 1964, ट्युनिशिया 1965, युगोस्लाव्हिया 1968. मध्ये आपला मोपेडवाला. उजव्या पानावर लगेच 1973, तेलाचं संकट, भरती बंद, आणि मग हे वाक्य, मी जमेल तितकं जसंच्या तसं मराठीत आणते: 'तरीही अनेक जण मायदेशी परतले नाहीत आणि त्यांनी कुटुंबांना बोलावून घेतलं, त्यातून नवे प्रश्न निर्माण झाले.' खाली फोटो, डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई, पाठमोरी, दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या. तिला चेहरा नाही, नाव नाही, वर्ष नाही. आणि शेवटी स्वाध्याय: या कामगारांच्या राहण्यामुळे जर्मन समाजापुढे कोणते प्रश्न उभे राहिले? उपाय सुचवा.

पंधरा वर्षांच्या पोरांनी उपाय सुचवायचे. कशावर? तर वर्गात पलीकडच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या आजीवर.

त्या 'तरीही'वर मी अडकले. एका शब्दात केवढा आरोप आहे. जणू ठरलेलं होतं जायचं आणि हे लोक अडून बसले. पाहुणा म्हटलं की तो जाणार हे गृहीतच असतं ना, चार दिवस राहिला की यजमान घड्याळाकडे बघायला लागतो. पण या पाहुण्याला बोलावलं कसं होतं ते पुस्तकात नाही. इस्तंबूलमध्ये जर्मन भरती ऑफिस होतं, तिथे डॉक्टर दात बघायचे, लघवी तपासायचे, अर्धे कपडे उतरवून रांगेत उभं करायचे, पास झालात तर ट्रेन. म्युनिक स्टेशनला 11 नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरायचं, प्लॅटफॉर्मच्या खाली युद्धातला बंकर होता, तिथे नेऊन खायला द्यायचे आणि कुठला माणूस कुठल्या कारखान्याला ते वाटून टाकायचे. कारखान्याने दर माणसामागे सरकारला फी भरायची, 300 मार्क. पाहुण्यासाठी अशी फी भरलेली मी तरी कुठे ऐकली नाही.

आणि जायचं ठरलेलं होतं म्हणता तर तेही ऐका. तुर्कीबरोबरच्या मूळ करारात दोन वर्षांची मुदत होती हे खरं, दोन वर्षं झाली की हा परत आणि याच्या जागी नवा. 1964 मध्ये ती अट काढून टाकली. कुणी काढायला लावली? कारखानदारांनी. कारण माणूस शिकवून तयार करायचा, मशीनवर हात बसला की त्याला परत पाठवायचा आणि पुन्हा नवा कच्चा माणूस घ्यायचा, हे त्यांना परवडत नव्हतं. सरळ हिशोब. म्हणजे राहण्याची सोय केली यजमानाने, आणि पुस्तकात लिहिलंय की पाहुणा राहिला. तरीही.

1973 च्या बंदीचंही तसंच. पुस्तक म्हणतं तेलाचं संकट आलं म्हणून 23 नोव्हेंबरला भरती थांबवली. तेलाचं निमित्त होतंच, पण सरकार त्याच्या आधीपासून त्या दिशेने चाललेलं, त्याच सप्टेंबरमध्ये माणसामागची ती फी 300 वरून 1000 मार्क केलेली होती. आणि बंदीचा परिणाम काय झाला तर अगदी उलटा. तोपर्यंत लोक येत-जात होते, दोन वर्षं कमवायचे, गावी जायचे, वाटलं तर पुन्हा यायचे. आता एकदा गेलात की दार बंद. मग जो इथे होता तो विचार करतो की आपण निघालो तर परत येता येणार नाही, त्यापेक्षा बायकापोरांनाच आणू. मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि मला वाटतं हे वाचणारे बहुतेक जण हेच करतील. 1955 ते 1973 या काळात साधारण एक कोटी 40 लाख लोक आले आणि त्यातले एक कोटी दहा लाखांच्या आसपास परत गेले. परत गेले! दर पाचातले जवळपास चार. आता ते वाक्य पुन्हा वाचा, 'तरीही अनेक जण परतले नाहीत'. वाक्य खोटं नाही, पण त्यावरून पोरांच्या डोक्यात काय चित्र तयार होतं ते मी घरात विचारून बघितलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे बहुतेक राहिले असतील ना?"

तर आपला मोपेडवाला. तोही परत गेलेल्यांतलाच. बायको आणि मुलं गावीच होती, हा इथे वेगवेगळ्या ठिकाणी काम करत राहिला, सुट्टीत घरी जायचा, मोपेडही त्याने पोर्तुगालला नेली. 1970 च्या सुमारास कामावर अपघात झाला, त्यानंतर आजारी पडला, गावीच राहिला. पोटाचा कॅन्सर निघाला. जर्मनीत पेन्शनसाठी कापून घेतलेले पैसे त्याने काढून घेतले आणि ते औषधपाण्यात संपले. जर्मनीकडून आजारपणाचे पैसे मिळण्याचा आपल्याला हक्क आहे हे त्याला माहीतच नव्हतं. 1979 मध्ये गेला, जेमतेम 53 वर्षांचा. मोपेड आज बॉनच्या इतिहास म्युझियममध्ये आहे. म्हणजे गाडीचं पुढे काय झालं ते देशाने नीट जपून ठेवलं.

हे सगळं मी मुलीबरोबर बसून वाचलं आणि तेव्हा मला त्या दोन पानांचं गणित दिसायला लागलं. त्यात माणूस येतो. स्टेशनवर उतरतो, फोटो निघतो. आणि पुढच्या पानावर तो थेट 'प्रश्न' होऊन भेटतो. मधल्या नऊ वर्षांत त्याने काय केलं, कुठे झोपला, कुणाशी भांडला, कुणाशी दोस्ती केली, कुठल्या युनियनचं कार्ड घेतलं, काहीच नाही. स्थलांतर करणाऱ्या माणसाला इतिहास फक्त दारात असतो, घरात शिरला की त्याचा विषय इतिहासातून समाजशास्त्रात जातो.

मधलं काय काय होतं त्याचं एक उदाहरण देते, कारण ते मलाही आधी माहीत नव्हतं आणि इथे पंधरा वर्षं राहून माहीत नव्हतं याची जरा लाज वाटली. ऑगस्ट 1973, नॉइस नावाचं शहर, पिअरबुर्ग कंपनी, गाड्यांचे कार्ब्युरेटर बनवायची. तिथे कामाला बहुतांश परदेशी बायका, तुर्की, ग्रीक, युगोस्लाव्ह, स्पॅनिश, इटालियन. त्यांना 'हलकं काम' असं नाव देऊन सगळ्यात खालच्या पगारगटात टाकलेलं, लाइश्टलोनग्रुप 2. हलकं म्हणजे दिवसभर मशीनवर, तेवढंच जे शेजारचा पुरुष जास्त पैशात करत होता. त्या बायकांनी काम बंद केलं. पोलीस आले, धक्काबुक्की झाली, बायका हटल्या नाहीत आणि मग जर्मन कुशल कामगारही त्यांच्या बाजूने उतरले. काही दिवसांत तो पगारगट रद्द झाला. रद्द म्हणजे सगळ्यांसाठी, तिथल्या जर्मन बायकांसाठीसुद्धा. त्याच महिन्यात कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांचा संप झाला, सुट्टीवरून उशिरा आले म्हणून तीनेकशे लोकांना काढून टाकलं त्यावरून पेटलेला. तिथे मात्र जर्मन सहकारी फारसे सोबत आले नाहीत, पोलिसांनी तो मोडला. एक जिंकलेला, एक हरलेला, दोन्ही एकाच महिन्यात, दोन शहरांत जेमतेम 40 किलोमीटरचं अंतर. इतिहास शिकवायला याहून चांगली जोडी मिळेल का? आमच्या पुस्तकात दोन्ही नाहीत. त्या काळच्या परदेशी कामगारांमध्ये साधारण तिसरा हिस्सा बायका होत्या, कित्येक एकट्या आलेल्या, नवरा मागून आलेला. आमच्या पुस्तकात बाई आहे ती पाठमोरी, पिशव्या घेऊन.

अजून एक गोष्ट मुलीनेच दाखवली, मी दाखवली असती तर तिने ऐकलं नसतं. त्याच पुस्तकात चाळीसेक पानं मागे नाझी काळातली सक्तीची मजुरी आहे. दुसऱ्या महायुद्धात सव्वा कोटीच्या वर परदेशी लोकांना, कैद्यांसकट, जर्मनीत राबवून घेतलं. पहिला करार इटलीशी झाला 1955 ला, म्हणजे युद्ध संपून फक्त दहा वर्षं झालेली. परदेशी मजुराला तोपर्यंत 'फ्रेम्डआर्बायटर' म्हणायचे, परका कामगार, पण त्या शब्दाला नाझी काळाचा वास लागलेला म्हणून हळूहळू तो 'पाहुणा' झाला. दोन्ही प्रकरणं एकाच पुस्तकात, मध्ये एक ओळसुद्धा नाही जोडायला. मुलगी म्हणाली, "आई, त्याच कारखान्यांत असतील ना गं काही जण?" काही कारखाने तेच होते, हो.

आणि मागे आठवीच्या पुस्तकात यूगनोट्स होते. फ्रान्समधले प्रोटेस्टंट, तिथे छळ सुरू झाला, 1685 मध्ये ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने पोट्सडामचा हुकूमनामा काढून त्यांना बोलावलं, साधारण वीस हजार आले, करात सूट, जमीन, स्वतःची चर्चेस, स्वतःच्या शाळा, पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलत राहिले. ते पान वाचलं तर कसं आहे? कारागिरी आणली, व्यापार वाढवला, बर्लिन घडवलं. सगळी कौतुकाची भाषा. स्वतःची शाळा आणि स्वतःची भाषा 1700 मध्ये असेल तर 'समृद्धी', 1980 मध्ये असेल तर 'समांतर समाज'. रूरच्या कोळसा खाणींत एकोणिसाव्या शतकात आलेले पोलिश बोलणारे लोकही असेच, तेव्हा त्यांच्याकडे संशयाने बघायचे, आज तिथल्या -स्की आडनावाच्या माणसाला कुणी विचारत नाही तू कुठला. म्हणजे तीनशे वर्षं थांबायची तयारी असेल तर पुस्तकात चांगली जागा मिळते म्हणायची.

हे फक्त आमच्या पुस्तकाचं दुखणं आहे का? नाही. ब्राउनश्वाइगला गेऑर्ग एकर्ट इन्स्टिट्यूट आहे, तिचं कामच शाळेची पुस्तकं तपासणं, युद्धानंतर जर्मन-फ्रेंच, जर्मन-पोलिश पुस्तकांतलं एकमेकांबद्दलचं विष काढायला ज्या माणसाने सुरुवात केली त्याच्या नावाची. त्यांनी हिल्डेसहाइम विद्यापीठाबरोबर पाच राज्यांतली इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्राची 65 पुस्तकं तपासून 2015 मध्ये अहवाल दिला. निघालं ते हेच, स्थलांतर बहुतेक वेळा अडचण किंवा संघर्ष म्हणून येतं, वेगवेगळ्या मुळांची माणसं एकत्र राहणं ही रोजची साधी गोष्ट म्हणून फारसं येत नाही, आणि 'परदेशी', 'परका', 'स्थलांतरित' हे शब्द एकाच पानावर अदलाबदल करून वापरलेले असतात. स्थलांतरित आणि परदेशी एक कसे? इथेच जन्मलेली, जर्मन पासपोर्टवाली मुलगी परदेशी कशी? त्यानंतर राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद, प्रकाशक आणि स्थलांतरितांच्या संघटना यांनी मिळून निवेदनही काढलं की हे सुधारूया. नवी पुस्तकं थोडी बरी आहेत, मी चाळली आहेत. पण 16 राज्यं, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा, आणि शाळेत पुस्तक एकदा घेतलं की ते आठ-दहा वर्षं फिरतं. आमचं पुस्तक असंच फिरलेलं.

आता केसचा पुढचा भाग. पालकसभेला मी गेले, खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीने गेले, नवरा म्हणत होता "एका शेऱ्यासाठी एवढं?" बाई वयाने तरुण, दमलेल्या. मी शेऱ्याचं काढलंच नाही, विचारलं की स्वाध्यायातला दुसरा प्रश्न वर्गात कसा घेतलात. त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, त्या दिवशी त्यांनी तुर्की आडनावाच्या एका मुलीला विचारलं होतं की तुमच्या घरी याकडे कसं बघतात, तिला बोलतं करावं म्हणून, चांगल्या हेतूने. आणि ती मुलगी म्हणाली होती, "मला काय माहीत, मी तर बोखुमची आहे." बोखुम म्हणजे जर्मनीतलंच एक शहर. वर्ग हसला होता. बाई म्हणाल्या, तेव्हाच मला खटकलं होतं, पण या सगळ्या विषयाला मला दोन तास आहेत, पुढे बर्लिनची भिंत उभी आहे.

बोखुमची आहे! मला ते उत्तर इतकं आवडलं.

सभेत एक वडील होते, त्यांनी वेगळाच मुद्दा काढला आणि तो मला आजही पटतो. ते म्हणाले, "म्हणजे आता सगळं गोडगोड दाखवायचं का? अडचणी नव्हत्याच का?" होत्या की. आणि गोडगोड पानं असतातच, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे एक, वेगवेगळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफलेले, डोनर कबाबचा फोटो, खाली 'विविधता आपल्याला समृद्ध करते'. ते पानही मला तेवढंच नकोय. पाठमोरी बाई आणि कबाब यात फार फरक नाही, दोन्हीकडे माणूस आपल्याला काय त्रास देतो नाहीतर काय खायला देतो एवढ्यावर मोजलाय. अडचणी दाखवा ना, पण कुणाच्या ते सांगा. घर भाड्याने मिळत नव्हतं ही अडचण त्या माणसाची होती, बराकीत एका खोलीत अनेक जण झोपायचे ही त्यांची होती, पोरं इथे जन्मली तरी 2000 सालापर्यंत कायदा रक्त बघून नागरिकत्व द्यायचा ही त्या पोरांची होती. पुस्तकात सगळ्या अडचणी 'जर्मन समाजापुढे' उभ्या.

त्या वडिलांना मी हे सगळं एवढ्या नीट सांगितलं नाही, तिथे मी अडखळले, घरी येऊन भांडी घासताना सुचलं, नेहमीसारखं.

बाईंनी मात्र काम केलं. मोठं काही नाही, एक जादाचा तास काढला आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली, 1945 पासून आजपर्यंत. पुस्तकाच्या त्या दोन पानांची झेरॉक्स काढून 1964 आणि 1973 च्या जागी चिकटवली. बाकी पट्टी रिकामी. मग मुलांना सांगितलं की मधली जागा भरा, पण 'आम्ही' आणि 'ते' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. नाव, वर्ष, ठिकाण, काम. बस. आणि कुणाला घरचं लावायचं नसेल तर लावू नका, तुमच्या आडनावावर मी काही विचारणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

दोन आठवड्यांत पट्टी भरली. मुलीने मोपेडवाल्याचं 1970 आणि 1979 लावलं. कुणीतरी पिअरबुर्गचा संप लावला. एका व्हिएतनामी मुळाच्या मुलाने त्याच्या आईचं लावलं, ती पूर्व जर्मनीत कंत्राटी कामगार म्हणून आलेली. तो भाग तर पुस्तकात एका ओळीत आहे: पूर्वेनेही व्हिएतनाम, मोझांबिक वगैरे 'मित्रदेशांतून' माणसं आणली होती. ती ओळ वाचून कळत नाही की तिथे आलेली बाई गरोदर राहिली तर गर्भ पाडा नाहीतर देश सोडा असा नियम होता, किंवा मोझांबिकच्या कामगारांच्या पगारातला हिस्सा कापून घेतला आणि सांगितलं की घरी गेल्यावर मिळेल, आणि तो त्यांना धड मिळालाच नाही, ते लोक कितीतरी वर्षं तिथल्या राजधानीत, मापुतोमध्ये, मोर्चे काढत राहिले. त्याच मुलाने 1992 चं रॉस्टॉक-लिश्टनहागेनही लावलं, म्हणजे रॉस्टॉक शहरात जमावाने परदेशी लोक राहत असलेल्या इमारतीला आग लावली ती घटना. पुस्तकात जळत्या इमारतीचा फोटो आहे, आत कोण होतं ते नाही. आत शंभराच्या वर व्हिएतनामी माणसं होती, छतावरून चढून जीव वाचवला त्यांनी. तेही मुलाने लिहिलं, एका ओळीत, बाकी काही टिप्पणी नाही.

आणि मग एक गोष्ट झाली जी बाईंनीही धरली नव्हती. वर्गात एक मुलगा आहे, ज्याच्या घराण्यात कुणी 'बाहेरचं' असेल असं कुणालाच वाटलं नसतं, अगदी अस्सल जर्मन आडनाव. त्याने पट्टीच्या अगदी सुरुवातीला, 1946 वर, पणजीचा फोटो लावला. ढकलगाडी, त्यावर गाठोडी, सोबत दोन पोरं. युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेल्या साधारण सव्वा कोटी जर्मनांपैकी ती एक, सायलेशियाहून आलेली, तो भाग आता बहुतेक पोलंडमध्ये आहे. खाली त्याने लिहिलेलं की इथल्या गावात तिला 'पोलाक' म्हणायचे, म्हणजे पोलिश माणसाला हिणवायचा शब्द, शेतकऱ्याने सरकारच्या हुकमामुळे नाइलाजाने खोली दिली आणि चुलीला हात लावू दिला नाही. म्हणजे जर्मन, जर्मन बोलणारी, जर्मनीतच आलेली, तरी परकी. पुस्तकात ही माणसं आहेत, पण 'युद्धाचे परिणाम' या वेगळ्या प्रकरणात, स्थलांतराशी त्यांचा काही संबंध आहे हे पुस्तकाच्या डोक्यातच आलेलं नाही. पट्टीवर मात्र ती ढकलगाडी आणि ती मोपेड एकाच ओळीत आली, मध्ये हातभर अंतर. बोखुमची मुलगी, जिने तोपर्यंत काहीच लावलं नव्हतं, तिने त्यानंतर आजीचं कारखान्याचं ओळखपत्र आणलं. झेरॉक्स नाही, खरंच, प्लास्टिकच्या पाकिटात घालून. संध्याकाळी परत न्यायची, सकाळी लावायची.

स्वाध्यायातल्या त्या 'उपाय सुचवा'चं काय झालं विचाराल तर बाईंनी तो प्रश्न बदलून दिला: या पानावर कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही ते शोधा. उत्तर सोपं होतं, मोपेडवाल्याला फोटोखाली नाव होतं आणि भरती थांबवणाऱ्या सरकारच्या चॅन्सेलरला नाव होतं. बाकी सगळे 'ते'. शेऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढलं नाही, पण तोंडी परीक्षेत मुलीला तोच फोटो दिला आणि ती दहा मिनिटं बोलली. चाचणीत मात्र छापील प्रश्न तेच राहिले, बाकीचे दोन वर्गही होते ना, सगळ्यांना एकच पेपर.

जुलैमध्ये पुस्तकं शाळेला परत द्यायची असतात, इथे पुस्तक उसनं मिळतं, आत पहिल्या पानावर शिक्का आणि खाली रकाने, नाव, वर्ष, पुस्तकाची अवस्था. मुलगी पुस्तक साफ करत बसलेली, मी सहज ते पान बघितलं. आठ नावं. पहिलं तुर्की, मग एक म्युलर, मग दोन पोलिश वळणाची, एक ग्रीक, एक व्हिएतनामी, पुन्हा एक जर्मन, आणि शेवटी आमचं मराठी आडनाव, ज्याचं स्पेलिंग ऑफिसने चुकवून वर खाडाखोड केलेली. अवस्थेच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'चांगली' लिहिलेलं.

पेन्सिलीने लिहिलेलं खोडून द्यायचं असा नियम आहे. मोपेडवाल्याच्या फोटोशेजारी तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं 'घाबरला होता, 1979 मध्ये गेला'. ती रबराने घासत होती, पण कागद गुळगुळीत, पेन्सिल दाबून लिहिलेली, उजेडात तिरकं धरलं की अक्षरं उमटलेली दिसतातच. "जात नाहीये गं आई," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, पुढे कुणाला मिळेल त्याला दिसेल. तिने अजून दोनदा रबर फिरवलं, फुंकर मारली आणि पुस्तक पिशवीत टाकलं.